ऊन लागले की उष्माघात झाला? घाम नव्हे, बोलणे तपासा

मार्च सरून पारा चाळिशीकडे निघाला की सोलापुरात चक्कर आलेल्या प्रत्येकाला ‘उष्माघात झाला’ असे जाहीर केले जाते, आणि ज्याला तो खरोखर झालेला असतो त्याला मात्र ‘जरा ऊन लागले आहे, पडू द्या सावलीत’ असे म्हणून तासभर तसेच ठेवले जाते. पहिल्या गफलतीने फारसे बिघडत नाही. दुसरीने माणूस जातो.

ऊन लागणे, म्हणजे डॉक्टरांचे हीट एक्झॉशन, आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. डोके ठणकते, मळमळते, पायांत गोळे येतात, अंग गळून जाते. घामावाटे पाणी आणि मीठ गेलेले असते. सावली, वारा आणि ओआरएस मिळाले की माणूस बहुधा अर्ध्या-पाऊण तासात सावरतो. (एक लिटर पाण्यासाठीची पुडी एका पेल्यात कालवून पाजणाऱ्यांनी तिच्यावरची सूचना एकदा तरी वाचावी.) घामोळे आणि उभ्या उभ्या येणारी भोवळ यांचा येथे विचारही करण्याचे कारण नाही.

उष्माघातात शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्थाच कोलमडते, आतले तापमान साधारणपणे ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडू लागते. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. घोळ होतो तो पुढच्या एका समजुतीमुळे: अंग कोरडे आणि तापलेले असेल तरच उष्माघात, घाम येत असेल तर चिंता नाही. ही खूण अर्धीच खरी आहे. पत्र्याच्या घरात दिवसेंदिवस उकाडा सोसणाऱ्या, त्यातही रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांचे अंग बहुधा कोरडे पडते. परंतु राबणाऱ्या तरण्या माणसाला होणाऱ्या उष्माघातात घामाच्या धारा चालूच असू शकतात. स्लॅबवर घमेली वाहणारा मजूर, भरतीसाठी दुपारी मैदानावर धावणारा मुलगा, हवा न खेळणाऱ्या यंत्रमागाच्या शेडमधला कामगार, हे सारे या दुसऱ्या गटातले आहेत आणि कोरड्या कातडीची वाट पाहत बसल्याने दगावतात तेही हेच.

म्हणून घाम सोडा आणि माणसाचे बोलणे तपासा. त्याला नाव विचारा, वार विचारा, आता आपण कुठे आहोत ते विचारा. ऊन लागलेला माणूस वैतागून का होईना, पण बरोबर उत्तर देतो. उष्माघात झालेला मजूर ‘घरी चाललो’ म्हणतो आणि जिन्याऐवजी स्लॅबच्या कडेकडे वळतो. जीभ जड होते, तोल जातो, धरायला गेलेल्याच्या अंगावर तो धावून येतो, आणि सोबतचे म्हणतात, ‘सकाळीच टाकून आलेला दिसतोय.’ भर उन्हात काम करणारा माणूस अचानक दारू प्यायल्यासारखा वागू लागला की उलट सिद्ध होईपर्यंत तो उष्माघातच समजावा, असे माझे ठाम मत आहे. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नये. आतले तापमान त्यात बरेचदा कमीच दिसते.

उपचारातली मोठी चूक पॅरासिटामॉलची. तापात मेंदूनेच शरीराचे तापमान चढे ठरवलेले असते आणि गोळी ते ठरवणे खाली आणते. उष्माघातात मेंदूने तसे काही ठरवलेलेच नसते, त्यामुळे गोळीचा उपयोग नाही, आणि आधीच होरपळलेल्या यकृतावर तिचा भार मात्र पडतो. खिशातल्या कांद्याबद्दल एवढेच सांगतो की आपल्या बाजार समितीत दिवसभर कांद्याची पोती वाहणाऱ्या हमालांनाही ऊन लागतेच.

करायचे ते असे: १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करत राहा. शर्ट काढा, बादल्यांनी पाणी ओता, जोराचा वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. जवळ हौद असेल तर डोके वर धरून त्यातच बसवा, राबताना कोसळलेल्या तरुणाला याहून चांगला उपाय नाही. पहिला अर्धा तास मोलाचा असतो, आणि तो कोरड्या कपड्यांनिशी रिक्षात कोंबून नेण्यात घालवू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी किंवा सरबत ओतू नये, ते फुप्फुसात जाते. थंड केल्यावर माणूस उठून बसला, ‘आता बरे वाटते’ म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण मूत्रपिंड आणि यकृत यांना झालेली इजा पुष्कळदा एक-दोन दिवसांनी रक्ततपासणीतच दिसून येते.