तलावपाळीवरचं 'वंडरवॉल' कुठून आलं

ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर संध्याकाळी गिटार घेऊन बसलेलं एखादं टोळकं दिसतंच, आणि त्यातलं कुणी ना कुणी 'वंडरवॉल' वाजवतंच. त्याला कारण आहे. गिटारच्या दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे घरात, कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, अनामिका आणि करंगळी खालच्या दोन तारांवर रोवायची. ती गाणंभर जवळजवळ हलत नाहीत. उरलेली दोन बोटं तेवढी फिरवायची. परवा एक पोरगा डोळे मिटून वाजवत होता आणि शेजारची मैत्रीण एका हाताने भेळेचा कागद सावरत दुसऱ्या हाताने त्याचं रेकॉर्डिंग करत होती.

गाणं ओअ‍ॅसिस या इंग्रज बँडचं, १९९५चं. नाव मात्र उसनं. ओअ‍ॅसिसच्या नोएल गॅलघरने ते बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमवरून घेतलं. बीटल्सचं वेड ओअ‍ॅसिसने कधी लपवलंच नाही. १९९७च्या एका गाण्यात तर त्यांनी बीटल्सच्या दोन गाण्यांची नावं एकाच ओळीत बसवली.

बीटल्सना गाण्यातून सलाम ठोकण्याची ही रीत सुरू झाली ती अगदी धंदेवाईक हिशेबाने. १९६४ मध्ये हे चौघे अमेरिकेत पोचले आणि त्यांच्या नावावर रेकॉर्डी काढायची झुंबड उडाली. बीटल्सचा ड्रमर रिंगो याच्यावरचं 'रिंगो, आय लव्ह यू' हे त्यातलंच एक. गायिका बॉनी जो मेसन, म्हणजे पुढे जगभर गाजलेली शेर. रेकॉर्ड आपटली. आपल्याकडे 'जानवर' (१९६५) मध्ये शंकर-जयकिशननी 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'ची चाल घेऊन रफी आणि आशाबाईंकडून 'देखो अब तो' गाऊन घेतलं. याला सलाम म्हणायचं की उचलेगिरी? माझ्या मते दोन्ही, आणि गाणं फर्मास.

मग बीटल्सच स्वतःबद्दल गायला लागले. श्रोते आपल्या गाण्यांतून नसलेले अर्थ उकरून काढतात याचा त्यांच्यातल्या जॉन लेननला वैताग आला होता. त्याने १९६८च्या 'ग्लास अनियन'मध्ये 'स्ट्रॉबेरी फील्ड्स', 'लेडी मॅडोना' अशी आपलीच जुनी गाणी पेरली आणि अर्थ शोधणाऱ्यांना आणखी भरकटवलं. गाण्यात गाणाऱ्याचं नाव येणं आपल्याला नवं नाही. 'तुका म्हणे' आलं की अभंग कुणाचा, हे सांगावं लागत नाही. बहिणाबाईंनी तर पायापासून कळसापर्यंत अख्खी परंपराच एका अभंगात उभी केली. पण नाममुद्रा खात्री देते, लेननची मुद्रा मुद्दाम चकवा देते. दोनच वर्षांनी 'गॉड'मध्ये त्याने कशाकशावर आपला विश्वास नाही याची यादी केली आणि शेवटचं नाव बीटल्सचं घेतलं. त्या गाण्याला १९८८ मध्ये यू टू या आयरिश बँडने 'गॉड पार्ट टू' हे उत्तर लिहिलं. हा तोच बँड, जो डिसेंबर २०१९ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेला.

८ डिसेंबर १९८०ला लेननचा खून झाला आणि या गाण्यांचा सूर पालटला. हॅरिसनने रिंगोसाठी एक गाणं लिहून ठेवलं होतं. त्याचे शब्द बदलून त्याने 'ऑल दोज इयर्स अगो' केलं. ड्रम्स रिंगोचे, मागचे आवाज बीटल्समधला पॉल मॅकार्टनी आणि त्याची बायको लिंडा यांचे. १९८२ मध्ये पॉलचं 'हिअर टुडे' आलं. इथे चाहते नव्हते, घरचीच माणसं सुतकात होती.

कधी नुसतं नावही पुरतं. पॉलने सुरुवातीला काही दिवस 'पॉल रॅमोन' हे टोपणनाव घेतलं होतं. त्यावरून न्यूयॉर्कच्या पोरांनी बँडचं नाव ठेवलं रॅमोन्स. १९९१ मध्ये मोटरहेड या इंग्रज बँडने त्या रॅमोन्सवर गाणं केलं. सलामाला सलाम.

आता परत हॅरिसनकडे. 'वंडरवॉल म्युझिक' हे त्याच नावाच्या चित्रपटाचं संगीत, आणि त्यातलं बरंचसं जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालं. ठाण्याहून लोकलने तासाभरावर. वादकांत शिवकुमार शर्मा होते. दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन इथे नव्हतं, ते कलकत्त्याहून आणावं लागलं. खोली साउंडप्रूफ म्हणावी अशी नव्हती. नीट कान दिला तर रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असं हॅरिसननेच पुढे सांगितलं.

त्याच मुक्कामात त्याने आणखी एका चालीचं वाद्यसंगीत इथे करून घेतलं आणि लंडनला जाऊन त्यावर आपला आवाज चढवला. ते 'द इनर लाइट'. मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या एका सिंगलच्या मागच्या बाजूला आलं. 'ग्लास अनियन'मध्ये जिचं नाव येतं, ती 'लेडी मॅडोना' त्याच रेकॉर्डच्या पुढच्या बाजूला आहे. ती उलटी करून लावली की मुंबईचे वादक सुरू होतात.