रात्रीचा फोन, मनावरचा ताण आणि झिजणारे दात

विदर्भातल्या खेड्यांत एखादे लेकरू झोपेत दात खाऊ लागले, की घरातली वडीलधारी मंडळी आधी जंतांचे औषध आणायला सांगतात. लहानपणी ही सवय पुष्कळ मुलांत दिसते आणि बहुधा वयाबरोबर कमीही होते. पण पोलीस भरतीची किंवा ‘नीट’ची तयारी करणारा तरुण सकाळी उठल्यावर कानशिले ठणकतात, जबडा आखडतो आणि थंड पाण्याने दात शिवशिवतात असे सांगतो, तेव्हा पोटापेक्षा त्याच्या झोपेची आणि मनावरच्या ओझ्याची चौकशी होणे गरजेचे असते.

दंतवैद्यकात दात खाण्याच्या या सवयीला ब्रुक्सिझम म्हणतात. दात वेडेवाकडे असल्यामुळे हे होते, असे पूर्वी मानले जाई; आता त्याचे मूळ प्रामुख्याने मेंदूच्या कामकाजात शोधले जाते. झोपेत मेंदू अधूनमधून काही सेकंद अर्धवट जागा होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि त्यापाठोपाठ गालातले व कानशिलावरचे चावण्याचे स्नायू एका लयीत आकसू लागतात. अशी क्षणिक जाग प्रत्येकालाच येते, परंतु मन ताणाखाली असले आणि झोप तुटक झाली, की दात खाण्याची शक्यता वाढते. तंबाखू, दारू, कॅफीन, नैराश्यावरची काही औषधे आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार यांचाही त्यात वाटा असतो.

फोनचा संबंध येतो तो इथे. रात्री डोळ्यांसमोर धरलेल्या पडद्याच्या उजेडाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवणे मंदावते. त्याहून अधिक त्रास, माझ्या मते, पडद्यावरच्या मजकुराचा होतो, कारण रील, गेम किंवा निकालाच्या चर्चेने पेटलेला ग्रुप मनाला निवू देत नाही. विद्यार्थ्यांवरच्या अनेक पाहण्यांत फोनचा अतिवापर, ताण आणि दात खाणे एकत्र आढळले आहे. मात्र अशा पाहण्या बहुतांशी प्रश्नावलीवर बेतलेल्या असल्याने फोनमुळेच दात झिजतात, असा निष्कर्ष त्यांतून काढता येत नाही. आधीच धास्तावलेला मुलगा विसावा म्हणूनही फोन हातात घेत असेल.

म्हणूनच फोन हिसकावून घेण्याचा उपाय मला पटत नाही. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि जिथे ग्रंथालय नाही, शिकवणी नाही, तिथे फोन हाच त्या दोहोंच्या जागी आला. शिवाय दिवसा शेतातली कामे आणि पाळी आली की रात्रीच्या विजेवर ओलीत करणाऱ्या घरातल्या मुलाची झोप आधीच तुटलेली असते. उरलेली झोप तरी वाचावी यासाठी निजण्याआधी तासभर फोन बाजूला ठेवणे आणि रात्री तो उशापासून लांब चार्जिंगला लावणे, एवढे घराघरांत जमू शकते.

जागेपणीही दात आवळले जातात, विशेषतः मान खाली घालून पडद्यात गुंतलेले असताना. ओठ मिटलेले, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून किंचित सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती होय. जेवणे आणि गिळणे धरूनही दिवसभरात दात एकमेकांना टेकण्याचा काळ सुमारे २० मिनिटांचाच असतो. अभ्यास करताना ते तासन्‌तास आवळलेले राहिले, तर स्नायू दुखणारच.

आरशासमोर उभे राहून सुळ्याचे टोक पाहावे. ते सपाट आणि चकचकीत झाले असेल आणि जबडा बाजूला सरकवल्यावर खालच्या दातावरच्या तशाच सपाट जागेवर अचूक बसत असेल, तर घर्षण बरेच दिवस चालू असावे. गालाच्या आतली पांढरी आडवी रेघ आणि जिभेच्या कडेवरच्या दातांच्या खुणाही तेच सुचवतात. दातावरच्या एनॅमलमध्ये सुमारे ९६ टक्के खनिजे असतात आणि शरीरात त्याहून कठीण काही नाही, पण ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत नाहीशा होत असल्याने झिजलेले एनॅमल पुन्हा येत नाही. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाणाऱ्याने तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यातली सुपारीही दात झिजवते आणि तोंड उघडेनासे करते.

दंतवैद्य रात्री घालायला जे कव्हर बनवून देतात, ते दात वाचवते. ताण आणि तुटलेली झोप तशीच राहते. त्यासाठी केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.