गिधाडांच्या पानात काय वाढायचे: स्पेनमधल्या लपणांची पार्श्वभूमी

स्पेनच्या उत्तरेकडच्या पिरेनीज पर्वतात लपणापुढे, म्हणजे आत दडून पक्ष्यांचे फोटो काढायच्या खोपटापुढे, गिधाडे उतरतात ती माणसाने आणून टाकलेल्या मांसासाठी, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकाराला ठाऊक असते. ते टाकायला परवाना का लागतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

लपण ही युक्ती जुनी. १९००च्या सुमारास दोन इंग्रज भाऊ बैलाचे कातडे चढवलेल्या पोकळ सांगाड्यात बसून पक्ष्यांचे फोटो काढत. एकतर्फी काच बरीच अलीकडची. ती रुळवण्यात एका हंगेरियन छायाचित्रकाराचा मोठा वाटा आहे. काच निम्मा किंवा त्याहून जास्त उजेड खाते (छायाचित्रकारांच्या भाषेत एक-दीड स्टॉप), पण आत बसून डबा उघडला तरी बाहेर पत्ता लागत नाही.

स्पेनमध्ये गावाबाहेर ‘मुलादार’ असे. मेलेले खेचर, गाय, मेंढी तिथे नेऊन टाकायची. बाकीचे काम गिधाडे करत. ‘मुला’ म्हणजे खेचर, म्हणून मुलादार, ही व्युत्पत्ती सहज सुचते आणि ती चुकीची आहे. मूळ शब्द ‘मुरादाल’, आणि ‘मुरो’ म्हणजे भिंत. गावकुसाबाहेर घाण टाकायची जागा, एवढाच त्याचा अर्थ. खेचर त्यात नंतर घुसले.

मग मॅड काऊ हा गाईंचा मेंदू पोखरणारा, मांसातून माणसालाही होणारा रोग आला. ब्रिटनमध्ये माणसे दगावली होती, त्यामुळे भीती खोटी नव्हती. स्पेनमध्ये पहिले जनावर २००० साली सापडले आणि २००२ मध्ये युरोपचा नियम झाला: मेलेले जनावर रानात सोडायचे नाही, गोळा करून नष्ट करायचे. युरोपातल्या युरेशियन गिधाडांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त स्पेनमध्ये, आणि त्यांचे अन्न आता ट्रकमधून भट्टीकडे निघाले. पुढच्याच वर्षी सवलत आली, पण ती परवान्याची, तपासणीची. गावोगावचे कितीतरी मुलादार बंद पडले. गिधाडे जिवंत वासरांवर उतरतात अशा मेंढपाळ-गुराख्यांच्या तक्रारी वाढल्या. त्यातल्या किती खऱ्या, यावर अजून वाद आहे. जून २००७ मध्ये शंभराच्या आसपास गिधाडे थेट बेल्जियमच्या आकाशात दिसली. नियम करणाऱ्यांनी गाईंचा विचार केला, गिधाडांचा केला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. २०११ मध्ये नियम सैल झाला आणि ठरावीक क्षेत्रांत मेलेले जनावर जागेवरच सोडायची मुभा मिळाली.

लपणांच्या धंद्याला हवी ती शिस्त मात्र परवान्याच्या काळाने दिली, असे मला वाटते. मुलादारावर जनावर कधी येईल याचा नेम नसे. परवान्याच्या जागेवर कुंपण, ठरलेला दिवस, ठरलेला माल. दाढीवाल्या गिधाडासाठी तर मेंढीचे पाय आणि हाडे वेगळी. विमानाचे तिकीट काढून येणाऱ्याला हाच नेम हवा असतो. अशा फोटोखाली ‘वन्य’ लिहावे की नाही, यावर छायाचित्रकार हमरीतुमरीवर येतात. पक्षी मोकळाच असतो; पान मात्र आपण मांडलेले. मग तेवढे खाली लिहायला काय हरकत आहे?

पानात काय वाढले जाते, हा प्रश्न आपल्याला जास्त कळायला हवा. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली गुरे खाऊन भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ संपली, आणि २००६ मध्ये गुरांसाठीच्या या औषधावर इथे बंदी आली. त्यानंतर सात वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच औषध स्पेनने गुरांसाठी मंजूर केले. जनावर पशुवैद्याच्या देखरेखीखाली असते, उपचार झालेले जनावर गिधाडांपर्यंत पोहोचणार नाही, असे तेव्हा सांगितले गेले. २०२० मध्ये स्पेनच्याच कॅटलोनिया प्रांतात एक तरुण काळे गिधाड मेलेले सापडले. त्याच्या अंगात डायक्लोफेनॅक निघाले. पुढच्या वर्षी ते निदान प्रसिद्ध झाले, तेव्हाही औषध बाजारात होते.