विंडोजचं लायसन्स मदरबोर्डला कसं बांधलं गेलं

नव्या लॅपटॉपच्या किमतीतच विंडोजचे पैसे घेण्याची पद्धत एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळापासूनची. मायक्रोसॉफ्ट तेव्हा संगणक कंपन्यांशी 'पर प्रोसेसर' करार करी. ठरलेल्या प्रोसेसरचे जितके संगणक विकले जातील तितक्यांची रॉयल्टी भरायची, आत डॉस असो वा नसो. कुणाला डीआर-डॉस ही प्रतिस्पर्धी ऑपरेटिंग सिस्टिम घालायची असेल तर दोन्हीकडे पैसे. अमेरिकेच्या न्याय खात्याने जुलै १९९४ च्या समझोत्यात ही अट काढायला लावली, पण तोवर बाजार मायक्रोसॉफ्टच्या हातात गेला होता. हे आधीच थांबायला हवं होतं.

पुढे प्रश्न आला विंडोजच्या बेकायदा नकलेचा. विंडोज एक्सपीच्या काळात मोठ्या कंपन्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, खुणेची अक्षरं असत; ती जुळली की ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रत अस्सल असल्याची मायक्रोसॉफ्टकडून खातरजमा, लागतच नसे. कारखान्यात एकच 'प्रॉडक्ट की' (लायसन्सचा संकेतांक) हजारो संगणकांना चाले, तळाच्या स्टिकरवरची की वेगळी. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून बायोसमध्ये 'स्लिक' नावाचं टेबल, म्हणजे लायसन्सच्या माहितीचा तक्ता, आलं. ते, कंपनीचं डिजिटल सर्टिफिकेट आणि की, तिन्ही जुळावी लागत. विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम (बूटलोडर) नकली घालून खोटं स्लिक दाखवून हेही फोडलं गेलं.

म्हणून २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत, कंपनीने विंडोज घालून विकलेल्या प्रत्येक संगणकाच्या मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बायोसच्या जागी) २५ अक्षरांची स्वतंत्र की आली, 'एमएसडीएम' टेबलात. स्टिकरवरची की गेली. डिस्क बदलली तरी इन्स्टॉलर ती की स्वतःच वाचतो. याच कारणाने 'होम सिंगल लँग्वेज' या एकाच भाषेच्या घरगुती आवृत्तीच्या लॅपटॉपवर व्यावसायिक 'प्रो' टाकायला गेलं तर एडिशन (आवृत्ती) न विचारता होमच बसतं. विंडोज बसवायच्या पेनड्राइव्हच्या 'सोर्सेस' फोल्डरमध्ये 'ईआय.सीएफजी' फाइल ठेवली की निवड मिळते. प्रोची की मात्र वेगळी घ्यावी लागते.

खरी अडचण बोर्ड बदलताना येते. बोर्ड बिघडला आणि कंपनीने तसाच दुसरा बसवला तर लायसन्स चालू राहतं. हौसेने वरचा बोर्ड घातला तर नियमाने तो नवा संगणक, जुनं लायसन्स संपलं. बाहेरच्या दुकानातल्या जुन्या बोर्डात टेबल रिकामं असतं किंवा दुसऱ्याच एडिशनची की असते, मग विंडोज ॲक्टिव्हेट होत नाही. दुरुस्तीला देण्याआधी 'एसएलएमजीआर /डीएलआय' ही कमांड चालवून पाहावी (अक्षरं इंग्रजीत टाइप करायची). चॅनेल (लायसन्स कुठून आलं ते) 'ओईएम', म्हणजे संगणक कंपनीने दिलेलं, दिसलं तर लायसन्स त्या संगणकापुरतं. 'रिटेल', म्हणजे वेगळं विकत घेतलेलं, असेल तर सहसा दुसऱ्या संगणकावर नेता येतं.