स्तनाच्या कॅन्सरनंतरची रोजची गोळी : मनानं बंद करू नका

ऑपरेशन, किमो, लाइट (रेडिएशन) सगळं पार पडलं की बऱ्याच जणींना डॉक्टर रोज एक गोळी लिहून देतात. ती ५ वर्षं, काहींना १० वर्षंही घ्यायची असते. आमच्या मेडिकलमधून ती नेणाऱ्या काही ताई-मावशी मधेच यायच्या थांबतात. विचारलं तर म्हणतात, "आता बरं वाटतंय," नाहीतर "गोळीनं अंग लई दुखतंय." हे पत्रक त्यांच्यासाठीच.

रिपोर्टमध्ये ईआर किंवा पीआर (कॅन्सरच्या पेशींवरच्या, हार्मोन पकडणाऱ्या जागा) पॉझिटिव्ह असेल, तर तो कॅन्सर शरीरातल्या संप्रेरकांच्या म्हणजे हार्मोनच्या, मुख्यतः इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढतो. टॅमोक्सिफेन इस्ट्रोजेनला त्या पेशींवर काम करू देत नाही. लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन इस्ट्रोजेन तयार होणंच कमी करतात. या तिन्ही गोळ्या पाळी गेलेल्यांसाठी आहेत. पाळी चालू असेल तर सोबत इंजेक्शन लागतं, म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका.

अंगातून एकदम गरम वाफा येणं दोन्ही प्रकारांत होतं, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तर जीव नकोसा होतो. चहा आणि तिखट कमी करून पाहा. तरीही झोप मोडत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे.

लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे धरतात. विड्या वळणाऱ्या मावशी सांगतात, सकाळी बोटं इतकी आखडतात की पानं कापायची कात्री धरवत नाही. हे दुखणं खरं आहे, ते अंगावर काढू नका. रोज चालल्यानं बऱ्याच जणींना उतार पडतो. नाही पडला तर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. हाडंही ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा (हाडांची मजबुती मोजणारी) तपासणी आणि कॅल्शियम, व्हिटॅमिन डीबद्दल विचारा.

टॅमोक्सिफेन चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली, तर तडक दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं, तरी लगेच दाखवा. असं क्वचितच होतं, पण झालं तर वाट पाहत बसायचं नाही. या काळात दिवस राहू देऊ नका, आणि त्यासाठी कॉपर-टी वगैरे वापरा, हार्मोनच्या गोळ्या नकोत.

मन उदास राहतं म्हणून दिलेल्या पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्यांनी टॅमोक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो. सगळ्या चिठ्ठ्या आम्हाला दाखवा. योनीच्या कोरडेपणाबद्दल काउंटरवर बोलायला संकोच वाटला तर कागदावर लिहून द्या. हार्मोनचं मलम मात्र कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका. गड्ड्याच्या यात्रेला माहेरी किंवा वारीला निघालात, तर आठवडाभर आधी सांगा, पुरेशा स्ट्रिप काढून ठेवू.