लिंग आणि लिंगभाव: संकल्पना दोन, शरीर एक

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत तो मुलाचा आहे की मुलीचा, हे त्याचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनही सांगता येत नाही. गुणसूत्रं ठरलेली असतात, पण शरीराने अजून कुठलीच वाट धरलेली नसते. पोटाच्या पोकळीत पेशींची एक छोटी पट्टी असते. तिच्यातून अंडाशय घडू शकतं आणि वृषणही. शेजारून नळ्यांच्या दोन जोड्या जातात. एका जोडीपासून गर्भाशय आणि गर्भनलिका होऊ शकतात, दुसरीपासून शुक्राणू वाहून नेणारे मार्ग. प्रत्येक गर्भात या दोन्ही जोड्या असतात, तुमच्यातही होत्या.

मग वाय गुणसूत्र असलेल्या गर्भात त्यावरचं एसआरवाय नावाचं जनुक थोड्या काळापुरतं जागं होतं. पट्टीतल्या पेशी वृषणाच्या वाटेला लागतात आणि वृषण दोन संप्रेरकं सोडू लागतं. त्यांतलं एक गर्भाशय घडवणाऱ्या नळ्या नाहीशा करतं. दुसरं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, उरलेल्या जोडीला जगवतं. १९९० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे जनुक शोधून काढलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ते दोन एक्स गुणसूत्रं असलेल्या उंदराच्या गर्भात घातलं आणि त्या गर्भाचा नर झाला.

हे जनुक नसेल तर अंडाशय होतं, पण ते 'काहीच घडलं नाही' म्हणून होत नाही. स्त्रीदेह म्हणजे जनुकाच्या अभावी आपोआप मिळणारा देह, असं पाठ्यपुस्तकांत बरीच वर्षं शिकवलं गेलं आणि ते चूक होतं. अंडाशय घडवणारी जनुकं आपापली कामं करत असतात, तीही जन्मभर. २००९ साली प्रौढ मादी उंदरांच्या अंडाशयातलं फॉक्सएल-२ हे एकच जनुक बंद केल्यावर तिथल्या पेशी वृषणातल्या पेशींचं रूप घेऊ लागल्या.

लिंग (सेक्स) आणि लिंगभाव (जेंडर) वेगळे आहेत का, हा वाद समजून घ्यायचा तर सुरुवात इथून करावी लागते. एक बाजू म्हणते, लिंग शरीराचं आणि लिंगभाव समाजाचा, त्यामुळे प्रश्न मिटला. दुसरी म्हणते, लिंगभाव वगैरे काही नसतं, असतं ते फक्त लिंग. तिसरी म्हणते, लिंगसुद्धा समाजानेच रचलेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं. या दोन संकल्पना वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. पण संकल्पना वेगळ्या म्हणून त्यांची कारणंही वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात, असं मात्र नाही. या दोन विधानांची गल्लत झाली की वाद भरकटतो.

आधी लिंग. उत्क्रांतीचे अभ्यासक त्याची व्याख्या बीजपेशींवरून करतात. मोठी, अन्नसाठा असलेली बीजपेशी बनवणारं शरीर मादीचं, छोटी आणि हलती बीजपेशी बनवणारं नराचं. माणसाचं स्त्रीबीज सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाचं असतं. शुक्राणूचं डोकं त्याच्या विसाव्या भागाएवढंच. गुणसूत्रांवरून व्याख्या केली तर ती सगळ्या प्राण्यांना लागू होत नाही. पक्ष्यांत नराची दोन गुणसूत्रं सारखी असतात आणि मादीची वेगळी, म्हणजे आपल्या उलट. मगरींच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे अंडं किती तापमानात उबतं त्यावर ठरतं. क्लाउनफिश तर आयुष्याच्या मध्यात नराची मादी होते. या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट बीजपेशींचा आकार, आणि तिथे दोनच प्रकार आहेत, मधला तिसरा नाही. या अर्थाने लिंगं दोन आहेत, हे म्हणणं बरोबर आहे आणि ते म्हणायला कचरण्याचं कारण नाही.

पण माणूस म्हणजे बीजपेशी नव्हे. एका माणसाचं लिंग ठरवताना आपण एकाच वेळी गुणसूत्रं, ग्रंथी, संप्रेरकं, त्या संप्रेरकांना पेशींनी दिलेला प्रतिसाद आणि बाहेरचे अवयव बघत असतो. बहुतेकांमध्ये हे सगळे थर एकमेकांशी जुळतात. काहींत जुळत नाहीत.

१९८५ साली जपानमधल्या कोबे शहरात जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा होत्या. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो तिथे धावायला गेली आणि गुणसूत्र चाचणीत तिच्या पेशींत वाय गुणसूत्र सापडलं. तिच्या शरीरात वृषणं होती, ती टेस्टोस्टेरॉन बनवत होती, पण ते संप्रेरक ओळखणारा ग्राहकच तिच्या पेशींत काम करत नव्हता. साहजिकच गर्भात आणि पौगंडावस्थेत तिचं शरीर स्त्रीचं घडलं. टेस्टोस्टेरॉनचा म्हणून जो फायदा खेळात मिळतो, तो तिला मिळणं शक्यच नव्हतं. तरीही बातमी फुटल्यावर तिला संघातून काढलं, तिची शिष्यवृत्ती गेली, जुने विक्रम पुसले गेले. ती लढली आणि १९८८ साली तिला पुन्हा स्त्री म्हणून धावायची परवानगी मिळाली. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडूंची चाचणी झाली, तेव्हा आठ जणींचे निकाल असेच 'जुळले नाहीत'. आठही जणींना खेळू दिलं गेलं.

२०२५ साली जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची केली. हे जनुक शोधणाऱ्या चमूतले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या निर्णयाला जाहीर विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा आहे: जनुक आहे की नाही एवढंच ही चाचणी सांगते. ते चालतं का, वृषण घडलं का, टेस्टोस्टेरॉन बनतं का आणि बनलं तरी शरीर ते वापरतं का, यांपैकी काहीच ती सांगत नाही. वर सांगितलेली गर्भातली साखळी डोळ्यांसमोर ठेवली तर हा आक्षेप लगेच पटतो.

शरीराचे थर असे न जुळणारी माणसं किती? इथे आकडे जपून वाचावे लागतात. सन २००० मध्ये जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १.७ टक्के असा अंदाज मांडला. दोन वर्षांनी लेनर्ड सॅक्स यांनी तो ०.०१८ टक्क्यांवर आणला. जवळपास शंभर पटींचा हा फरक मोजण्यातल्या चुकीचा नाही, कोणाला मोजायचं याचा आहे. पहिल्या आकड्यातला मोठा हिस्सा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या एका उशिरा लक्षात येणाऱ्या विकाराचा आहे. अशा स्त्रियांचे अवयव आणि गुणसूत्रं सहसा नेहमीसारखीच असतात. दोन्ही आकडे घोषणांसारखे फेकले जातात, आणि त्यांतल्या कुठल्याच आकड्यावर कोणाचा मान अवलंबून असू नये असं मला वाटतं.

आता लिंगभाव. १९५५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉन मनी हे मानसशास्त्रज्ञ आंतरलिंगी मुलांचा अभ्यास करत होते. शरीराचे थर जुळत नसतानाही ही मुलं स्वतःला मुलगा किंवा मुलगी समजून वाढतात, हे सांगायला त्यांना वेगळी संज्ञा हवी होती. त्यांनी 'जेंडर रोल' हा शब्दप्रयोग आणला. पुढे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्टोलर यांनी 'मी कोण' या आतल्या जाणिवेसाठी 'जेंडर आयडेंटिटी' ही संज्ञा रूढ केली, आणि १९७०च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी जेंडर म्हणजे समाजाने बाई-पुरुषांवर लादलेल्या भूमिका, असा अर्थ पुढे नेला. आजचा निम्मा गोंधळ इथूनच येतो. आतली जाणीव आणि बाहेरच्या अपेक्षा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली राहतात.

बाहेरच्या अपेक्षा किती बदलतात याचं एक उदाहरण पुरेसं आहे. १९४०च्या दशकात एनियाक या संगणकावर प्रोग्रॅम चढवणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या, कारण ते काम कारकुनी समजलं जायचं. पुढे त्याला पैसा आणि प्रतिष्ठा आली आणि तेच काम पुरुषांचं झालं. गुणसूत्रं तीच राहिली.

आतली जाणीव मात्र इतक्या सहज वाकत नाही. मनी यांना वाटत होतं की पहिल्या दोनेक वर्षांत मूल कोऱ्या पाटीसारखं असतं. १९६५ साली कॅनडात जन्मलेल्या जुळ्या भावांपैकी एकाचं शिश्न सुंता करताना जळालं. मनींच्या सल्ल्याने त्याची वृषणं काढून त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. प्रयोग यशस्वी झाल्याचं मनी जगाला सांगत राहिले. प्रत्यक्षात ते मूल फ्रॉक फाडत होतं, शाळेत एकटं पडत होतं आणि मनींच्या भेटींना घाबरत होतं. चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर त्याने डेव्हिड हे नाव घेतलं आणि पुरुष म्हणून जगू लागला. १९९७ साली मिल्टन डायमंड आणि कीथ सिगमंडसन यांनी ही हकीकत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. २००४ साली, वयाच्या ३८व्या वर्षी, डेव्हिड रायमरने आयुष्य संपवलं. एका सिद्धान्तासाठी एका मुलाचं बालपण खर्ची पडलं, याबद्दल राग येतो आणि तो यायलाच हवा.

पण 'म्हणजे जीवशास्त्रच जिंकलं' हा निष्कर्षही घाईचा आहे. १९९८ साली अशीच दुसरी नोंद प्रसिद्ध झाली: तसाच अपघात, सातव्या महिन्यात मुलगी म्हणून वाढवण्याचा निर्णय, आणि मोठेपणी ती व्यक्ती स्वतःला स्त्रीच मानत होती. याउलट डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांत एका विकराच्या कमतरतेमुळे वाय गुणसूत्र असलेली मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि तशीच वाढवली जायची. वयात येताना त्यांची शरीरं पुरुषी झाली आणि १९७०च्या दशकातल्या अभ्यासात त्यांतले बहुतेक जण पुरुष म्हणून जगू लागल्याचं दिसलं. गर्भातली संप्रेरकं, वाढवणूक, वयात आल्यावरचं शरीर आणि गावाने काय मान्य केलं, हे सगळं यात गुंतलेलं आहे. एकट्या कुठल्या धाग्याला श्रेय देता येत नाही.

मग वेगळ्या संकल्पना ठेवून उपयोग काय? उपयोग मोजमापात आहे. २०१६ साली कॅनडातल्या संशोधकांनी ५५ वर्षांपर्यंतच्या हृदयरोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णाचं लिंग नोंदवलंच, शिवाय घरात मुख्य कमावतं कोण, घरकामाला आठवड्यात किती तास जातात, घरात ताण किती, असे प्रश्न विचारून लिंगभावाचा वेगळा गुणांक काढला. पुढच्या वर्षभरात पुन्हा त्रास उद्भवण्याचा संबंध रुग्ण बाई आहे की पुरुष याच्याशी नव्हे, तर या गुणांकाशी दिसला. समाज ज्याला बायकी म्हणतो तशा भूमिका ज्यांच्या वाट्याला होत्या, त्यांना धोका जास्त, मग ते पुरुष का असेनात. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या असत्या तर हे दिसलंच नसतं.

आणि समाज शरीरात शिरतो तो असा. फिलिपिन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांच्या टेस्टोस्टेरॉनची काही वर्षांच्या अंतराने दोनदा मोजणी झाली. २०११ साली आलेल्या निष्कर्षांनुसार बाप झालेल्यांची पातळी इतरांपेक्षा बरीच जास्त घसरली होती, आणि रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांचं करणाऱ्या बापांची पातळी मुलांकडे न बघणाऱ्यांपेक्षा कमी होती. मूल कोणी सांभाळायचं हा समाजाचा संकेत, पण त्याची खूण रक्तात सापडते.

स्त्री-पुरुषांचे मेंदू वेगळे असतात का, हा वादही असाच गुंतागुंतीचा. २०१५ साली डॅफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी १,४०० हून अधिक मेंदूंची स्कॅन तपासली. सगळे भाग एकजात 'पुरुषी' किंवा एकजात 'बायकी' असलेले मेंदू अगदी थोडे निघाले. त्यावर इतरांनी दाखवलं की सगळी मापं एकत्र घेतली तर संगणक स्कॅनवरून लिंग बऱ्यापैकी अचूक ओळखतो. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे, कारण त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ३२ वर्षांच्या रुग्णाची हकीकत आली. तो पोटदुखी घेऊन तातडीच्या विभागात आला. तो ट्रान्स पुरुष होता, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पण स्वतःला पुरुष मानणारा, हे त्याने सांगितलं होतं आणि घरी केलेली गर्भचाचणी होकारार्थी आल्याचंही सांगितलं होतं. पण नोंदीत 'पुरुष' होतं. त्यामुळे प्रकरण तातडीचं नाही असं ठरलं आणि प्रसूतीचा विचार व्हायला काही तास गेले. बाळ मृत जन्मलं. त्याचा लिंगभाव नोंदला गेला होता. शरीरात गर्भाशय आहे ही माहिती मात्र निर्णयापर्यंत पोचलीच नाही.

म्हणून काही रुग्णालयं आता दोन स्वतंत्र प्रश्न विचारतात: जन्मावेळी कुठलं लिंग नोंदवलं गेलं आणि आज तुम्ही स्वतःला कोण मानता. कोणते अवयव शरीरात आहेत याची यादीही काही ठिकाणी ठेवतात. तरी अडचणी उरतातच. मूत्रपिंडं किती काम करतात हे रक्तातल्या क्रिएटिनीनवरून काढायच्या सूत्रात स्त्री की पुरुष हे भरावं लागतं, कारण क्रिएटिनीन स्नायूंतून येतं आणि पुरुषांचे स्नायू सरासरीने जास्त असतात. म्हणजे त्या रकान्यात लिंग लिहिलं असलं तरी सूत्राला हवी असते ती स्नायूंची मात्रा. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषाचे स्नायू वाढतात आणि क्रिएटिनीनही वाढतं. अशा वेळी काही डॉक्टर दोन्ही उत्तरं काढून बघतात, आणि औषधाचा डोस त्यावर अवलंबून असेल तर स्नायूंवर फारसं न विसंबणारी, रक्तातल्या सिस्टॅटिन सी या प्रथिनाची तपासणी करून घेतात.