फोर्टिफाइड वाईनची द्राक्षे आणि बेळगाव सीमाभाग

आंबवण चालू असताना किंवा पूर्ण झाल्यावर द्राक्षाचे स्पिरिट (ऊर्ध्वपातनाने काढलेले तीव्र मद्य) मिसळलेल्या वाईनला फोर्टिफाइड वाईन म्हणतात. पोर्ट, शेरी, मदेरा, मार्साला हे तिचे नावाजलेले प्रकार. बेळगाव-खानापूरकडच्या लोकांना यांतली ओळखीची ती गोव्याची ‘पोर्ट वाईन’. ती बऱ्याचदा बंगलोर ब्लू द्राक्षाची असते. मूळ अमेरिकी वंशाचे हे द्राक्ष रंगाला गडद, चवीला आंबूस आणि वासाला उग्र असते. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील पोर्टशी या गोव्याच्या ‘पोर्ट’चे नाते नावापुरतेच आहे.

दोरूत तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, टिंटा रोरिझ अशा काळ्या जाती वापरतात. तिथे दोन-तीन दिवसांतच 77 टक्के अल्कोहोलचे स्पिरिट ओतून आंबवण थांबवतात. त्यामुळे साखर शिल्लक राहते, पण सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरायला वेळ फार थोडा मिळतो. म्हणून मणी बारीक आणि साल जाड असलेली जातच तिथे उपयोगी पडते. मदेरासाठी सर्सियल, वर्देल्यो, बुआल, माल्वासिया आणि टिंटा नेग्रा या जाती आहेत.

अथणी, जमखंडी, तिकोटा या पट्ट्यात मात्र थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यापासून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन याच जातींचे राज्य आहे. एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना घडांसाठी फळछाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडाला द्राक्षे सावलीत सुकवायची बेदाणा शेड. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. माल तासगाव-सांगलीच्या सौद्यांना जातो. स्पेनमध्ये गोड शेरीसाठी पेद्रो हिमेनेझ जातीची द्राक्षे अशीच सुकवतात, फक्त ती चटयांवर, उघड्या उन्हात. पाणी उडून साखर घट्ट झाली की मग रस काढतात. द्राक्ष सुकवण्यातले इथल्या शेतकऱ्याचे कसब या कामी थेट उपयोगी पडेल. थॉम्पसनला पेद्रो हिमेनेझची चव नाही, हे खरे. पण कोरडी, म्हणजे गोड नसलेली, शेरी ज्या पालोमिनो द्राक्षाची करतात त्यालाही स्वतःचा वास बेताचाच असतो. त्या शेरीची चव पिंपातल्या यीस्टच्या सायीतून आणि वर्षानुवर्षांच्या मुरवणीतून येते.

कर्नाटकाच्या 2007 च्या वाईन धोरणात कृष्णा खोऱ्याला वाईनचे क्षेत्र मानले आहे. इथल्या उन्हात साखर सहज चढते, आंबटपणा मात्र लवकर उतरतो. त्यामुळे काळ्या जाती लावायच्या, तर तोडणीची वेळ काटेकोर पाळावी लागेल. थॉम्पसनची खरी जागा स्पिरिटमध्ये आहे. फोर्टिफाइड वाईनला लागणारे स्पिरिट वासाने सौम्य असावे लागते, आणि कॅलिफोर्नियात याच जातीपासून ब्रँडी काढत आले आहेत.